नाकाचं पाटबंधारे खातं

आमचे सासरे, म्हणजे नाना, पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले त्याला आता अकरा वर्षं होतील. खात्याने शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ देऊन त्यांना मोकळं केलं. पण निम्मी नोकरी नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावर गाळ बघण्यात आणि उरलेली गंगापूर धरणाच्या कालव्यावर पाटकऱ्यांशी हुज्जत घालण्यात गेलेला माणूस घरी बसून शब्दकोडं सोडवेल, ही सासूबाईंची, म्हणजे माईंची, अपेक्षाच मुळात चुकीची होती. चार महिन्यांच्या आत नानांनी नवं कार्यक्षेत्र शोधून काढलं. ते त्यांच्याच भुवयांच्या वर आणि गालफडांच्या आत होतं.

सायनसवाला माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. भर मे महिन्यात कानाला रुमाल बांधतो, लग्नात पंख्याखालची खुर्ची मिळाली की उचलून भिंतीशी नेतो, आइस्क्रीम समोर आलं की "मला नको हो, सायनस आहे" म्हणतो आणि मग "बरं, चमचाभर" करत वाटी चाटून पुसून ठेवतो. नाना त्यातले नव्हेत. नाना प्रतिबंधवाले. त्यांना स्वतःला सायनसचा त्रास १९९८ साली एकदाच झाला, निफाडच्या थंडीत. तो पुन्हा होऊ नये म्हणून ते जे काही करतात त्याचा त्रास मात्र बारमाही आहे, आणि तो आम्हाला होतो.

नऊ वर्षांपूर्वी मी डोंबिवलीहून नाशिकला मुलगी बघायला गेलो. पोहे आले, मुलगी आली. नानांनी पगार विचारला नाही की फ्लॅटचा हप्ता विचारला नाही. माझं नाव-गाव ऐकून घेतलं, मान किंचित तिरकी केली आणि म्हणाले, "आवाज नाकात येतोय. बारमाही आहे की हंगामी?"

मी म्हटलं, "लहानपणापासूनच आहे."

"म्हणजे गाळ साठलाय," नाना म्हणाले. लग्न तिथेच ठरलं असं मला आजही वाटतं. इतका मोठा प्रकल्प आपण होऊन चालत घरी आलेला त्यांना सोडवला नसावा.

साखरपुडा झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि एका पाकिटाच्या मागच्या बाजूवर माझ्या डोक्याचा आराखडा काढून दाखवला. कपाळात दोन पोकळ्या. ते 'वरचे पाझर तलाव'. गालांत दोन मोठ्या, डावं धरण आणि उजवं धरण. दोन डोळ्यांच्या मध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक बारीक घरं, त्या पोटचाऱ्या. आणि पार मागे, मेंदूच्या खाली, आणखी दोन. त्यांच्यावर पेन्सिल टेकवून नाना म्हणाले, "इथवर आपली जीप जात नाही." या सगळ्या पोकळ्यांत हवा असते आणि आतल्या अस्तरातून सतत ओलावा पाझरत असतो. नाक-सायनस मिळून दिवसाला जवळजवळ लिटरभर. तो बारीक वाटांनी नाकात येतो, तिथून घशात जातो आणि आपण नकळत गिळून टाकतो. सर्दीने किंवा धुळीने अस्तर सुजलं की वाट बंद. मग मागे फुगवटा, चेहऱ्यावर दाब, कपाळ जड.

"घसा म्हणजे जायकवाडी," नाना म्हणाले. "वरच्यांनी खाली पाणी सोडलंच पाहिजे. नाशिककर असून सांगतो."

आता नाशिकच्या माणसाने हे कबूल करणं म्हणजे काय ते दर दुष्काळात जायकवाडीला पाणी सोडण्यावरून होणारी आंदोलनं ज्यांनी पाहिली आहेत त्यांनाच कळेल.

नानांचा खरा राग आहे तो गालातल्या धरणांवर. या पोकळीचं तोंड तळाला नसून वर, जवळजवळ छताशी असतं. म्हणजे माणूस ताठ उभा असताना आतलं पाणी आपसूक खाली उतरायची सोयच नाही. हे वैद्यकाच्या कुठल्याही पुस्तकात शांतपणे लिहिलेलं असतं. नाना शांतपणे सांगू शकत नाहीत. "टाकीचा नळ वरच्या अंगाला? असलं ड्रॉइंग मी मंजूर केलं असतं तर माझी वेतनवाढ रोखली असती!" हायमोर नावाच्या इंग्रज डॉक्टरने १६५१ साली या पोकळीचं तपशीलवार वर्णन छापलं, तेव्हापासून युरोपात ती त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. हे नानांना कुठूनसं कळलंय. त्या हायमोरवरही त्यांचा रोष आहे. नाव देऊन मोकळा झाला, दुरुस्ती सुचवली नाही.

मग पाणी वर चढतं कसं? तर आतल्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारी लव असते. ती सेकंदाला दहाएक वेळा हलते आणि चिकट ओलाव्याचा थर ढकलत ढकलत त्या वरच्या तोंडापर्यंत नेते. हे सांगताना नानांचा आवाज मऊ होतो. "पाटकरी आहेत ते. रात्रंदिवस, चढावर पाणी नेतात. त्यांना ना भत्ता ना पेन्शन. आपण काय करायचं? त्यांच्या कामात धूळ, धूर आणि कोरडेपणा आणायचा नाही. बस्स."

हे ऐकून मला पहिल्यांदाच वाटलं की या माणसाला थोडंफार कळतं. आणि फसलो.

कारण नानांचं 'बस्स' पहाटे पावणेपाचला सुरू होतं. ओट्यावर सोनाराकडून आणलेला छोटा काटा आहे. त्यावर साडेचार ग्रॅम मीठ तोललं जातं. रात्री वीस मिनिटं उकळून गार केलेलं अर्धा लिटर पाणी कोमट करून त्यात ते विरघळतं. लिटरला नऊ ग्रॅम. रक्ताचा खारटपणा साधारण तेवढाच, म्हणून नाकाला झोंबत नाही. उकळण्याच्या बाबतीत नाना कुणाचं ऐकत नाहीत. २०११ साली अमेरिकेत लुईझियानामध्ये नळाचं पाणी तसंच नाकात घालून दोन माणसं मेंदूत अमीबा शिरून दगावली, ते कात्रण फ्रीजवर चिकटवलेलं आहे, बिग बझारच्या जुन्या कॅलेंडरच्या शेजारी. "अमेरिकेत ही गत. आणि आपल्या नळाला पाणी कुठून कुठून येतं ते मला विचारू नका, मी तीस वर्षं सोडलंय."

त्या अर्ध्या लिटरचे दोन भाग होतात. एक लोटा नानांचा, एक माईंचा. माई आपला लोटा घेऊन मोरीत जातात आणि दार लावून घेतात. चारचौघांत नाक आभाळाकडे करून उभं राहणं त्यांना प्रशस्त वाटत नाही. आतून गुळगुळ, खळखळ, फुरफुर असे सगळे आवाज शिस्तीत येतात. बाहेर आल्या की नाना वहीत नोंद करतात. वहीचं नाव 'विसर्ग नोंदवही'. रकाने चार: दिनांक, लाभार्थी, नाकपुडी (डावी/उजवी), शेरा.

लग्नानंतरच्या पहिल्या मुक्कामात तिसरा लाभार्थी मी होतो. ओणवं व्हायचं, मान एका बाजूला कलती, तोंड उघडं, श्वास तोंडाने. लोट्याची चोच वरच्या नाकपुडीला लावायची. पहिले दोन सेकंद काहीच घडत नाही. मग डोक्याच्या आत, नाकाच्या मुळाशी, कुणीतरी कोमट बोट फिरवल्यासारखं होतं आणि खालच्या नाकपुडीतून सरळ धार सुरू होते. स्वतःच्या नाकातून अशी निर्विकार धार पडताना बघणं हा एक विचित्र अनुभव आहे; आपण नळ झालो आहोत असं वाटतं. शेजारी नाना उकिडवे बसून बेसिनकडे बघत म्हणत होते, "येतंय... येतंय... टेलपर्यंत पोचलं!"

खरं सांगतो, दहा मिनिटांनी मला सासुरवाडीच्या फोडणीचा वास आला. हिंग वेगळा, कढीपत्ता वेगळा. एवढं स्वच्छ नाक मला कॉलेजनंतर कधी मिळालं नव्हतं.

नानांनी सांगितलेली शेवटची पायरी मात्र मी घाईत टाळली. पाणी झाल्यावर वाकून, मान डावी-उजवीकडे फिरवून, हलकेच फुंकर मारत नाक कोरडं करायचं असतं. आत चार चमचे पाणी कुठेतरी वळणावर बसून राहतं. त्या दिवशी पंचवटीत माईंच्या थोरल्या काकूंकडे जोड्याने जेवायला बोलावलं होतं. वय अठ्ठ्याऐंशी, सोवळं कडक. मी भक्तिभावाने पाया पडायला वाकलो आणि दोन्ही नाकपुड्यांतून त्यांच्या पावलांवर सणसणीत धार लागली. काकूंना वाटलं जावई गहिवरला. "असू दे रे, असू दे," म्हणत त्यांनी पाठीवरून हात फिरवला. नानांनी खिशातून डायरी काढून शेरा लिहिला: 'मृत साठा. सांडव्यावरून गळती.'

हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत नेती सहा शुद्धिक्रियांपैकी एक सांगितली आहे, पण तिथली नेती सुताची. नाकातून दोरा घालायचा आणि तोंडातून काढायचा. नाना तीही करणार होते. माई भाजी निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "करा. आधी पेन्शनच्या कागदांवर माझं नाव बरोबर आहे ना तेवढं बघून घ्या." तो प्रस्ताव अजून प्रलंबित आहे.

बाकीचे उपाय सांगायला बसलं तर रात्र होईल. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून हुंगणं, सुंठ-वेखंडाचा लेप, झोपताना नाकात कोमट तिळतेलाचे दोन थेंब, गवती चहा आणि आल्याचा काढा. यातल्या ओव्याने निदान बरं वाटतं आणि काढ्याने पोटात पाणी जातं, तेव्हा मी तक्रार करत नाही. वेखंडाच्या लेपाने कपाळावर पापड वाळतो. बामच्या डबीला मात्र घरात बंदी. माझ्या बॅगेत सापडली तेव्हा नानांनी ती दोन बोटांत धरून उचलली. "नाक उघडतं असं वाटतं ना? काही उघडत नाही. मेंथॉल नसांना फक्त गारव्याचा भास देतं. म्हणजे पाणी तेवढंच आहे, गेज खोटा दाखवतोय! आम्ही असल्या गेज रीडरला निलंबित करायचो." हे शास्त्रात बसतं, मी नंतर बघितलं. नानांची हीच पंचाईत आहे. ते दहा गोष्टी सांगतात, त्यांतल्या पाच खऱ्या असतात, आणि पाचही खोट्या ते तितक्याच ठामपणे सांगतात.

खऱ्यांतलीच एक भ्रामरी. ओठ मिटून, कानांत बोटं घालून भुंग्यासारखा आवाज काढायचा. २००२ साली स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी मोजून पाहिलं: नुसत्या उच्छ्वासापेक्षा गुणगुणताना नाकावाटे बाहेर येणारा नायट्रिक ऑक्साइड वायू सुमारे पंधरा पट होता. गुणगुणण्याच्या कंपनांनी सायनसमधली हवा हलते, खेळती राहते. नानांची भ्रामरी पहाटे साडेपाचला, गॅलरीत. पहिल्या आठवड्यात सोसायटीचा वॉचमन तीन वेळा पंप बंद करून आला. त्याला वाटलं मोटर कोरडी फिरतेय.

सर्दी मोजायलाही नानांची स्वतःची पट्टी आहे. गोदेला पूर आला की नाशिककर दुसरं काही विचारत नाहीत, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं तेवढंच विचारतात. नाना फोनवर मला तेच विचारतात. "आज कुठवर?" मी म्हणतो, "गुडघ्यापर्यंत." एकदा जुलैत मी "छातीपर्यंत" म्हणालो तर ते पंचवटी एक्सप्रेसची वेळ नसतानाही ती किती वाजता सुटते ते विचारू लागले.

थंडीत त्यांना चिडवायची सोय नाही. निफाडचा पारा पाचाच्या खाली उतरला की द्राक्ष बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या करतात, घड वाचावेत म्हणून. नाना कानटोपी, त्यावर मफलर, त्यावर स्वेटरची टोपी घालून फिरायला निघतात आणि कुणी हसलं तर म्हणतात, "शंभर रुपये किलोच्या द्राक्षाला ऊब दिलेली चालते, माझ्या डोक्याला नाही?" थंड हवेने सायनस होतो असं सरसकट म्हणता येत नाही, थंडीत माणसं दारं-खिडक्या लावून एकमेकांच्या तोंडाशी बसतात आणि सर्दीचे विषाणू वाटून घेतात, हे जास्त खरं. पण तीन टोप्यांच्या आतल्या माणसापर्यंत हा मुद्दा पोचत नाही.

सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर काँग्रेस गवत माजतं. १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे गवत आता कुठे नाही ते विचारा. त्याच्या परागांनी कित्येकांची नाकं वाहतात. दर पावसाळ्यात फुलं यायच्या आत नाना हातमोजे घालून ते मुळासकट उपटतात, एकटे. माझ्या मते त्यांच्या अकरा वर्षांच्या कारकिर्दीतलं हे सर्वांत भरीव काम. पण त्याबद्दल ते चकार शब्द काढत नाहीत. बोलतात ते धुपाटण्याबद्दल.

शनिवारी संध्याकाळी सगळ्या खिडक्या लावून घरात धूप होतो. गोवऱ्यांचे निखारे, त्यावर गुग्गुळ, ऊद, कापूर, कडुलिंबाचा पाला. हवा शुद्ध करण्यासाठी. धुराने पाटकरी बेशुद्ध पडतात हे नानांनीच मला पाकिटावर आकृती काढून शिकवलेलं. पण तो गाडीचा, विडीचा, मच्छर अगरबत्तीचा धूर. हा धूर आपला. दहा मिनिटांत समोरचा माणूस दिसेनासा होतो. मी शिंकत गॅलरीत पळतो. रविवारी माईंचं डोकं उठतं. एका बाजूचं, ठणकणारं. त्या डोक्याला पदर घट्ट बांधून, अंधार करून पडतात. उजेड नको, आवाज नको, दोनदा उलटी. नाना चप्पल हातात घेऊन घरभर फिरतात आणि वहीत लिहितात, 'वरचा तलाव तुंबला. आवर्तन वाढवणे.' पुढच्या शनिवारी धूप दुप्पट.

गेल्या डिसेंबरात माई सलग दोन दिवस उठल्या नाहीत, तेव्हा बायकोने कुणाला न विचारता नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. आम्ही चौघे गेलो. नानांच्या काखेत विसर्ग नोंदवह्या, आठ वर्षांच्या.

"सायनस आहे हिला," नाना बसायच्या आधी म्हणाले.

"सगळ्यांनाच असतो," बाई म्हणाल्या. "मलाही आहे. मला गुडघा आहे म्हटल्यासारखं झालं ते."

नाना खाली बसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना खात्यातला वरिष्ठ भेटला होता.

बाईंनी दुर्बीण घालून नाक तपासलं. तेवढ्यावर नानांचं समाधान होईना, मग सीटी स्कॅनही झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी फिल्म उजेडावर लावली. गालातली दोन्ही धरणं, कपाळातले तलाव, मधल्या पोटचाऱ्या, अगदी जिथे जीप जात नाही तेही. सगळीकडे हवा, काळी कुळकुळीत. पाण्याचा टिपूस नाही, अस्तराला सूज नाही.

नाना उठून फिल्मजवळ गेले. बराच वेळ बघत राहिले. मग आमच्याकडे वळले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. "बघा," ते म्हणाले. "आठ वर्षं. रोज एक लोटा. एक दिवस खाडा नाही. बघा कसं ठेवलंय!"

माईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"मी नाही करत ते," त्या म्हणाल्या.

"काय नाही करत?"

"नेती. कधीच नाही केली. बेसिनमध्ये ओतते आणि तोंडाने आवाज काढते."

खोलीत कुणी बोललं नाही. बाईंनी पेनाचं टोपण काढून पुन्हा लावलं. मला आठवले ते गुळगुळ, खळखळ, फुरफुर. आठ वर्षं रोज पहाटे, मोरीचं दार लावून, एका बाईने पाण्याची नक्कल केली होती आणि एका शाखा अभियंत्याने ती गेज धरून वहीत उतरवली होती.

बाईंनी मग शांतपणे सांगितलं की ही अर्धशिशी आहे. कपाळ दुखलं की लोक सायनस म्हणतात, त्यातल्या पुष्कळांना खरी अर्धशिशीच असते. अमुक वासाने, धुराने, उपाशी राहण्याने, झोपमोडीने उठते का, असं त्यांनी विचारलं. माईंनी मान हलवली आणि नानांकडे बघितलं नाही. मी बघितलं. ते नोंदवही उघडून रविवारच्या नोंदींवरून बोट फिरवत होते आणि प्रत्येक रविवारच्या वरची ओळ वाचत होते.

जाता जाता बाईंनी माझंही नाक बघितलं. मधला पडदा वाकडा, शिवाय धुळीची ॲलर्जी. "मिठाच्या पाण्याने धुता ते फार छान. सोडू नका. साधी सर्दी दहा दिवसांत आपली आपण जाते, उठसूट अँटिबायोटिक मागू नका. पण डोळ्याभोवती सूज आली, ताप चढला, नीट दिसेनासं झालं तर घरगुती काही करत बसायचं नाही, सरळ यायचं." एरवी या वाक्याला नानांनी टाळी मागितली असती. ते रिक्षा बघायला आधीच खाली गेले होते.

घरी कुणी विषय काढला नाही. संध्याकाळी नाना स्टूल घेऊन माळ्यावर चढले, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. राख सांडत होती, म्हणून कळलं काय ते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाणी प्यायला उठलो तर ओट्याशी दिवा होता. काट्यावर मीठ. नानांनी चिमूट टाकली, काढली, चष्मा वर करून आकडा बघितला. सव्वादोन ग्रॅम. एकच लोटा भरला. भ्रामरीसाठी ते गॅलरीत गेले नाहीत. चपला हातात घेऊन, जिन्याचं दार आवाज न करता ओढून गच्चीवर गेले. वही ओट्यावर उघडीच होती. त्या दिवसाच्या रकान्यात लाभार्थी म्हणून माईंचं नाव होतं, नाकपुडीच्या जागी रेघ, आणि शेऱ्यात त्यांच्या सरकारी वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'आवर्तन रद्द. लाभार्थी झोपलेले आहेत.'